पप्पांना माझं लोकेशन कंपनी देते का? आणि असेच बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की तुमच्या घरात कोण कोणाचं लोकेशन बघतं, तर ठाणे नि नवी मुंबईकडून एवढी पत्रं आणि मेसेज आले की इन्व्हर्टरचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले, त्या वाचकांनी रागावू नये. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून कोणाचंच छापत नाहीये. लांब पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. मुलगी नववीत आहे, क्लास माजिवड्याला, आणि येताना तुम्हाला ट्रॅफिक माहीतच आहे, कधी साडेआठला घरी येते कधी साडेनऊ होतात, तोवर माझा जीव टांगणीला. माझी बहीण अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे मोबाईल कंपनीच फॅमिली लोकेटर देते, बिलात थोडे डॉलर जास्त लावतात आणि मुलं कुठे आहेत ते आईला दिसतं. इथे सिम माझ्याच नावावर आहे तरी दुकानात विचारलं तर तो मुलगा नुसता हसला. कंपनीला सगळं माहीत असतं ना, मग मला का सांगत नाही? आणि तिला कळू न देता करता येईल असं काही आहे का, कळलं की ती बंद करणार. (एक आई, कासारवडवली)

उत्तर: कंपनीला माहीत असतं हे खरं पण तुम्हाला वाटतं तेवढं नेमकं नसतं. फोन नुसता दप्तरात पडून असतो तेव्हा नेटवर्कला एवढंच ठाऊक असतं की हा नंबर अमुक टॉवरांच्या गटात कुठेतरी आहे, मग कॉल आला की त्या सगळ्या टॉवरवरून एकदम पुकारा होतो आणि फोन ज्या टॉवरला ओ देतो तिथून रिंग वाजते. आता स्मार्टफोन दिवसभर नेट वापरत असतो त्यामुळे कुठल्या टॉवरवर आहे ते जवळजवळ सतत कळतं. टॉवरवर बहुतेक वेळा तीन दिशांना तोंड करून अँटेना लावलेले असतात म्हणून बाजूही कळते, आणि सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. जुन्या टू-जीमध्ये तो अंदाज साधारण साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांनी यायचा, फोर-जीमध्ये टप्पे बरेच बारीक झालेत.

पण तुमच्या पट्ट्यात एक गंमत आहे. तिसाव्या मजल्यावरच्या फोनला खालच्या गल्लीतल्या टॉवरपेक्षा खाडीपलीकडचा लांबचा टॉवर कधीकधी जास्त स्वच्छ मिळतो आणि तो त्यालाच जाऊन चिकटतो. ऐरोलीलाही तसंच, खाडीवर मध्ये आडवं काही नाही, त्यामुळे ऐरोलीतला फोन मुलुंड-भांडुपच्या बाजूचा टॉवर पकडू शकतो. म्हणजे कंपनीने उद्या तुम्हाला टॉवरचं लोकेशन दिलंच तर क्लासमधली मुलगी तिसरीकडेच दिसायची आणि तुमचं बीपी वाढायचं.

अमेरिकेचं म्हणाल तर बहीण बरोबर सांगतेय, स्प्रिंट आणि व्हेरायझन या कंपन्यांनी २००६ मध्येच मुलांचं लोकेशन आईबापांना दाखवायची सर्व्हिस काढली होती. मात्र टॉवरच्या माहितीला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर ती मधल्या दलालांकडेही जायला लागली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की तुरुंगातल्या कैद्यांना फोनची सोय देणाऱ्या एका कंपनीच्या सिस्टिममधून एक शेरीफ, म्हणजे तिकडचा स्थानिक पोलीसप्रमुख, कोर्टाची ऑर्डर नसताना लोकांचे फोन शोधत होता. मग जानेवारी २०१९ मध्ये मदरबोर्ड नावाच्या बातम्यांच्या साईटच्या पत्रकाराने फरारी लोक पकडून देणाऱ्या एका माणसाला ३०० डॉलर दिले, त्याने न्यूयॉर्कमधला एक फोन जवळजवळ बरोबर शोधून दाखवला. तिकडच्या सरकारी आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये याच कारणावरून चार मोबाईल कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलर दंड लावला, एकट्या टी-मोबाईलला ८ कोटी, आणि कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. हे मुद्दाम सांगतेय कारण दुकानातला तो मुलगा हसला याचा तुम्हाला राग आलाय आणि मला उलट बरं वाटलं.

आपल्याकडे सिम तुमच्या नावावर असणं म्हणजे बिल आणि कागदपत्रं तुमची. टॉवरची नोंद कंपनीकडे राहते, डिसेंबर २०२१ पासून कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायचा नियमच आहे, पण ती पोलिसांना किंवा तपास यंत्रणांना मिळते आणि तीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने. आईला मिळत नाही, वकिलाला मिळत नाही, नवऱ्याला तर नाहीच (त्याचं पत्र खाली आहे).

आता चोरून बसवायच्या ॲपबद्दल. नको. मुलगी चौदाची असेल, कायद्याने लहान आहे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपन्यांना मुलांचा माग काढायला बंदी आहे पण घरगुती वापर त्या कायद्याच्या बाहेर ठेवलाय, म्हणजे त्या कायद्याखाली तुम्हाला कोणी पकडायला येणार नाही हेही खरं. तरी नको, कारण ही लपून चालणारी ॲप्स आधी तुम्हाला फोनची सुरक्षा बंद करायला लावतात आणि मग लोकेशनच्या नावाखाली मुलीचे मेसेज, फोटो, सगळंच कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जातं. लेटमीस्पाय नावाचं असं एक पोलंडचं ॲप २०२३ मध्ये हॅक झालं, साठवलेलं सगळं बाहेर गेलं आणि दुकानच बंद झालं. उघडपणे चालणाऱ्या ॲप्सच्याही अटी वाचून घ्या, लाइफ-३६० हे कुटुंबांसाठीचं प्रसिद्ध ॲप लोकेशनचा डेटा विकत होतं हे २०२१ मध्ये बाहेर आलं, नंतर त्यांनी ते बरंच कमी केलं.

तिला समोर बसवा आणि सांगा की क्लास सुटला की व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाकायचं. पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय येतात आणि वेळ संपली की ते आपोआप बंद होतं, हे तिला सगळ्यात जास्त आवडेल. बदल्यात तुम्ही मध्ये फोन करायचा नाही. आणि माजिवडा जंक्शनला ठिपका वीस मिनिटं हलला नाही तर लगेच देव पाण्यात घालू नका, तो कोणाचाच हलत नाही.

प्रश्न: नंबर टाकला की माणूस कुठे आहे ते दाखवतात अशा साईट खऱ्या असतात का? (वाशी)

उत्तर: नाही. नंबरची सुरुवात मुळात कुठल्या सर्कलला आणि कुठल्या कंपनीला दिली होती तेवढं त्या सांगतात. २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशभर कुठेही जाता येतं, त्यामुळे तेही धरून चालू नका. खाली जे 'अचूक लोकेशनसाठी इथे दाबा' येतं ते दाबू नका.

प्रश्न: मॅडम, मी कोपरखैरण्याला राहतो, लग्नाला सहा वर्षं झाली. मिसेस ऐरोलीला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी, हल्ली फोन लपवून ठेवते आणि उशीर होतो. एका मित्राच्या ओळखीत एक डिटेक्टिव्ह आहे, तो म्हणतो नंबर द्या, सीडीआर काढून देतो, लाइव्ह लोकेशनपण मिळेल, फक्त खर्च येईल. नवरा म्हणून मला जाणून घ्यायचा हक्क आहे असं मला वाटतं. घ्यावा का? (नाव छापू नये)

उत्तर: घेऊ नका, आणि त्या मित्रालाही जरा लांब ठेवा. सीडीआर म्हणजे कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरवर होता याची कंपनीकडची नोंद. २०१३ मध्ये दिल्लीत अरुण जेटलींचेच कॉल रेकॉर्ड असे बाहेर काढले गेल्याचं प्रकरण झालं आणि त्यानंतर एसपी किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच मागणी जायला हवी अशी शिस्त आली. डिटेक्टिव्हला सरळ मार्गाने ती मिळूच शकत नाही, म्हणजे कुठेतरी कोणीतरी पैसे खातोय किंवा खोटी मागणी टाकतोय. हे लांबचं सांगत नाहीये, २०१८ मध्ये ठाणे क्राइम ब्रँचनेच सीडीआर विकणारं रॅकेट पकडलं होतं, खाजगी डिटेक्टिव्हना अटक झाली, महिनाभर पेपर त्याच बातम्यांनी भरलेले होते आणि कोणी कोणाचे रेकॉर्ड मागितले त्याची चौकशीही झाली. म्हणजे मागणारासुद्धा रडारवर येतो. आणि दुसरी शक्यता जास्त आहे, की तो ॲडव्हान्स घेईल, एक्सेलमध्ये काहीतरी टाइप केलेलं पाठवेल आणि फोन बंद करेल. तक्रार कुठे करणार?

कोर्टात उपयोग होईल असं तुमच्या मनात असेल तर तेही बघा. मद्रास हायकोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमकं हेच प्रकरण ऐकलं, नवऱ्याने बायकोचे कॉल रेकॉर्ड मिळवून दाखल केले होते, कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोमध्येसुद्धा खाजगीपणाचा हक्क असतो आणि तो पुरावा घेतला नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पती-पत्नीने आपल्याच संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये चालू शकतं असं म्हटलंय, व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज तोच. पण आपण स्वतः बोललो ते रेकॉर्ड करणं वेगळं आणि कंपनीच्या नोंदी मागच्या दाराने काढणं वेगळं, वकील तुम्हाला हेच सांगेल.

बरं, समजा मिळालाच तो कागद. त्यात काय दिसेल? रात्री पावणेदहाला फोन मुलुंडच्या टॉवरवर. तुम्ही त्या एका ओळीवर घर डोक्यावर घ्याल आणि ती बिचारी ऐरोलीला ऑफिसच्या वरच्या मजल्यावर डबा खात बसलेली असेल. वर कासारवडवलीच्या ताईंना लिहिलंय ते पुन्हा वाचा. टॉवरवरून माणूस कोणाबरोबर होता हे कधीच कळत नाही आणि नेमका कुठे होता हेही बऱ्याचदा कळत नाही.

तिच्या फोनमध्ये स्वतः काही बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. बाईच्या इंटरनेट किंवा मेसेजच्या वापरावर पाळत ठेवणं हे नव्या न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या ३५४-डी मध्ये येतं, नवरा आहे म्हणून त्यात सूट लिहिलेली नाही. तुमच्या पत्रात मला एक वाक्य कुठेच सापडलं नाही, की तुम्ही तिला विचारलं. शिफ्ट कधी बदलली, उशीर कशाने होतो, फोन का लपवतेस. अवघड आहे, उत्तर आवडेल असंही नाही, समुपदेशकाकडे दोघं गेलात तर आणखी बरं, पण डिटेक्टिव्हच्या खर्चापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न: आमचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नौपाड्यात राहतो, रोज संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारतात. हल्ली विसरायला लागलेत, मध्ये एकदा रस्ता चुकून कोपरीच्या बाजूला गेले, एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. फोन साधा कीपॅडचा आहे, स्मार्टफोन त्यांना जमत नाही. त्यावर लोकेशन मिळेल का? (एक सून)

उत्तर: साध्या कीपॅडच्या फोनमध्ये सहसा जीपीएस नसतो, म्हणून त्याच्यावरून तुम्हाला घरबसल्या काही दिसणार नाही. दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे सिम घालायचं जीपीएस घड्याळ किंवा गळ्यात अडकवायचा ट्रॅकर, तो उपग्रहांवरून जागा काढतो आणि सिमवरून तुमच्या फोनला पाठवतो. चार्जिंग करावं लागतं, आणि तेच बहुतेक घरांत राहतं, म्हणून रात्री बाबांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारीच चार्जर ठेवा. दुसरं म्हणजे किल्लीला लावतात तसले छोटे टॅग. त्यात ना सिम असतं ना जीपीएस, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या फोनला ते ब्लूटूथने हळूच आपली ओळख देतात आणि त्या फोनवरून जागा कळते. राम मारुती रोडवर, स्टेशनला छान चालेल, येऊरच्या बाजूला निघून गेले तर काही उपयोग नाही. हे टॅग चोरून माग काढायलाही वापरले जातात म्हणून ॲपल आणि गुगलने मे २०२४ पासून दोन्ही प्रकारच्या फोनवर 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असा इशारा द्यायची सोय केलीय, त्यामुळे बाबांबरोबर फिरणाऱ्या त्यांच्या मित्राच्या फोनवर तसं काही आलं तर त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कट्ट्यावर चर्चा.

त्यांना विचारून लावा हं. अजून बरंचसं कळतंय ना, मग 'तुम्ही चुकता म्हणून' असं न म्हणता 'आम्हाला घोर लागतो म्हणून' असं म्हणा, बहुतेक सासरे ऐकतात. सदऱ्याच्या खिशात पत्ता नि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा, रिक्षावाल्याने त्या दिवशी जे केलं ते त्याने सोपं होईल. आणि खरंच सापडेनासे झाले तर चोवीस तास थांबावं लागतं हे विसरा, असा नियम नाही, लगेच ११२ किंवा पोलीस चौकी. अशा वेळी पोलीस कंपनीकडून टॉवर काढू शकतात, कीपॅड फोन तेव्हा कामाला येतो, फक्त तो चार्ज केलेला आणि त्यांच्याजवळ हवा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवरही ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ ला कॉल जायला हवा असा नियम आहे, तुमच्या मॉडेलमध्ये कुठलं ते पुस्तिकेत बघून घ्या.

प्रश्न: हाय ताई, मी एकोणीस वर्षांची, खारघरला राहते, कॉलेज नेरूळला. पप्पांनी बारावीनंतर फोन घेऊन दिला तेव्हाच लोकेशन शेअरिंग चालू करून दिलं होतं. मागच्या महिन्यात मी सीवूड्सच्या मॉलला मैत्रिणींबरोबर गेले, घरी यायच्या आधीच सगळ्यांना माहीत, मग मी शेअरिंग बंद केलं आणि घरात महाभारत. पप्पा म्हणतात सिम माझ्या नावावर आहे, कंपनीकडून काढून घेईन. खरंच मिळेल त्यांना? आणि लोकेशन बंद केलं तर कोणालाच दिसत नाही ना? खोटं लोकेशन दाखवणारं ॲप टाकू का?

उत्तर: नाही मिळणार. सिम त्यांच्या नावावर आहे म्हणून पप्पा ते बंद करू शकतात, बदलून घेऊ शकतात, पोस्टपेड असेल तर बिलात तू कोणाला फोन केलास तेही येऊ शकतं, पण टॉवरची नोंद नाही.

लोकेशनचं बटण बंद केलंस की ॲप्सना दिसत नाही, कंपनीला टॉवर दिसतोच, नाहीतर फोन लागणार कसा. जीपीएस हा नुसता ऐकणारा आहे, तो उपग्रहांचं ऐकून जागा काढतो, स्वतः कोणाला सांगत नाही, सांगतात ती ॲप्स. विमान मोड टाकलास तर टॉवरही सुटतो, पण मग फोनचा उपयोग काय. डिसेंबर २०२५ मध्ये बातमी होती की टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेने सरकारला सुचवलंय की फोनमधलं जीपीएस कायम चालू ठेवायची सक्ती करा, कारण टॉवरवरून मिळणारी जागा तपासाला पुरेशी नेमकी नसते, आणि ॲपल, गुगल, सॅमसंगने त्याला विरोध केला. म्हणजे बघ, मोठमोठ्या लोकांतही हेच भांडण चालू आहे, तुझ्या घरातलं त्या मानाने लवकर मिटेल.

एक निकाल तुला आवडेल. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनावर सोडलेल्या आरोपीलासुद्धा गुगल मॅपवर पिन टाकून पोलिसांना सतत आपली जागा दाखवत राहा अशी अट घालता येणार नाही, ते खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती अभय ओक होते, ते वकिलीला ठाणे कोर्टातच उभे राहिले होते, म्हणजे आपल्याकडचेच. पण पप्पांच्या तोंडावर फेकू नकोस, तो निकाल सरकार आणि आरोपीचा आहे, आणि पप्पा फोनचे हप्ते भरतायत.

खोटं लोकेशन नको. पकडली गेलीस की पुढची दोन वर्षं तुझ्या खऱ्याचंही खोटं धरतील. सज्ञान आहेस, कायमचा ठिपका नको हे सरळ सांग, आणि रात्री आठनंतर बाहेर असशील तेव्हा किंवा एकटी रिक्षात बसशील तेव्हा तू स्वतःहून तासाभरासाठी टाकशील असं कबूल कर. मग ते न चुकता टाक, एकदाही विसरू नकोस, पहिल्या महिन्यात तर अजिबातच नाही. आणि मॉलची बातमी सगळ्यांना कशी कळली ते विचार, पप्पांनी बघणं एक आणि काकांच्या ग्रुपवर टाकणं दुसरं, मला तरी तुझा राग त्या दुसऱ्यावर असावा असं वाटतं. ११२ च्या वेळी फोन जागा पाठवू शकतो ती सोय मात्र बंद करत बसू नकोस.

प्रश्न: माझा जुना फोन मी आमच्या कामाच्या मावशींना दिला. आता माझ्या मोबाईलमध्ये 'माझी उपकरणं' उघडलं की त्या कळव्याला घरी पोचल्या की कुठे आहेत ते दिसतं. गंमत म्हणून दोन-तीनदा बघितलं. सुट्टी खरी घेतात का तेही कळतं. असू दे का? (घंटाळी)

उत्तर: नाही हो, आजच काढा. फोनमध्ये तुमचं खातं अजून चालू आहे म्हणून हे दिसतंय, आणि उलटंही आहे, तुमचे ईमेल, फोटो, कदाचित बँकेचे मेसेजही त्यांच्या हातात आहेत, त्यांच्या मुलाने उघडले तर? उद्या मावशी आल्या की आधी त्यांना सांगा की असं दिसत होतं, तुम्ही बघितलंत हेही सांगा. मग त्यांच्यासमोर फोन पूर्ण रिसेट करा, त्यांचं स्वतःचं खातं उघडून द्या आणि तुमच्या मोबाईलमधल्या यादीतून तो फोन काढून टाका. रिसेटच्या आधी त्यांचे नंबर आणि फोटो नीट दुसरीकडे काढून घ्या, नातवाच्या बारशाचे फोटो उडाले तर पुढच्या अंकाला पत्र मावशींचं येईल आणि मी त्यांची बाजू घेईन.